हिवाळ्याचे हवामान आणि झाडांच्या परागकणांची ॲलर्जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडू लागली की परागकणांविषयीचे प्रश्न थांबतील असे वाटते. प्रत्यक्षात त्याच सुमारास ते वाढतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत आणि पुढे अपवादांचे व अडचणीचे प्रश्न आहेत. एकाच मुद्द्याची दोनदा चर्चा टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हिवाळ्यात झाडे सुप्तावस्थेत असतात. मग हवेत परागकण येतात कुठून?

झाड सुप्त असले तरी त्याची फुले बहुधा आधीच तयार झालेली असतात. हेझेल, अल्डर आणि बर्च या झाडांचे नर फुलोरे, म्हणजे फांद्यांना शेपटीसारखी लोंबणारी नतकणिशे, आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि संपूर्ण हिवाळा मिटलेल्या अवस्थेत फांदीवर काढतात. त्यामुळे पाने फुटण्याची वाट न पाहता, हवा पुरेशी उबदार आणि कोरडी होताच ती लांबतात, त्यांतील परागकोश उकलतात आणि पराग वाऱ्यावर जातो. पाने नसण्याचा या झाडांना फायदाच होतो, कारण उघड्या फांद्यांमधून वारा विनाअडथळा वाहतो आणि परागकण पानांना चिकटून वाया जात नाहीत.

ज्यांचे परागीभवन कीटक करतात, त्या झाडांचा पराग जड व चिकट असतो आणि तो हवेत फारसा पसरत नाही. ॲलर्जीच्या दृष्टीने महत्त्वाची झाडे बहुतांशी वाऱ्यावर विसंबणारी असतात, आणि त्यांची फुले इतकी साधी असतात की अनेकांना ती फुले आहेत हेही ठाऊक नसते.

२. हिवाळ्यात किंवा हिवाळा संपतासंपता नेमक्या कोणत्या झाडांचा त्रास होतो?

प्रदेशाप्रमाणे उत्तर बदलते. मध्य आणि उत्तर युरोपात पहिला मान हेझेल आणि अल्डरचा असतो. सौम्य हिवाळ्यात हेझेलचा पराग डिसेंबरअखेरीसही हवेत आढळतो. त्यांच्यामागून ॲश आणि बर्च येतात. भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशांत सायप्रसचा हंगाम ऐन हिवाळ्यातच असतो. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मध्य भागात ‘माउंटन सीडर’ या नावाने ओळखले जाणारे, पण वस्तुतः जुनिपर वंशातील झाड डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पराग सोडते. जपानमध्ये सुगी या सूचिपर्णी वृक्षाचा हंगाम साधारणपणे फेब्रुवारीपासून सुरू होतो आणि त्याला जोडूनच हिनोकीचा हंगाम येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी सुगीची प्रचंड लागवड झाली, ती झाडे वयात आली आणि १९६४ मध्ये या परागाच्या ॲलर्जीची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. आज तो तेथे राष्ट्रीय पातळीवरचा आरोग्यप्रश्न मानला जातो.

बर्फ न पडणाऱ्या प्रदेशांविषयी प्रश्न १३ पाहावा.

३. यंदा थंडी फार कडाक्याची होती. म्हणजे यंदा पराग कमी असणार, असेच ना?

नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा गैरसमज हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

‘पराग किती’ आणि ‘पराग कधी’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ऋतूंत ठरतात. किती पराग तयार होईल हे मुख्यतः आदल्या उन्हाळ्यात ठरते, कारण नर फुलोऱ्यांची संख्या तेव्हाच निश्चित होते. जपानमध्ये सुगीच्या हंगामाचा अंदाज बांधताना आदल्या जुलैमधील तापमान आणि सूर्यप्रकाश यांना मोठे महत्त्व दिले जाते. तो महिना उष्ण आणि लख्ख उन्हाचा गेला असेल, तर पुढच्या वसंतात पराग भरपूर असतो. बर्चमध्ये याच्या जोडीला झाडाचा स्वतःचा ताल असतो: एखाद्या वर्षी विपुल फुलोरा आला की साठवलेले अन्न खर्ची पडते आणि पुढच्या वर्षी तो बहुधा कमी येतो. एका नतकणिशात लाखो परागकण असतात, त्यामुळे फुलोऱ्यांच्या संख्येतील लहानसा फरकही हवेत मोठा होऊन दिसतो.

हिवाळ्याच्या हाती राहते ते हंगामाचे वेळापत्रक. सुप्तावस्था केव्हा संपणार आणि फुलोरे केव्हा उमलणार हे तो ठरवतो. मिटलेली नतकणिशे थंडीला चांगलीच सरावलेली असतात आणि नेहमीच्या कडक हिवाळ्याने ती मरत नाहीत. लांबलेल्या थंडीनंतर एकदम ऊब आली, तर सगळी झाडे जवळजवळ एकाच वेळी पराग सोडतात आणि हंगाम उशिरा सुरू होऊनही अधिक तीव्र भासतो. म्हणजे गारठलेल्या हिवाळ्यानंतर रुग्णाला दिलासा मिळण्याऐवजी दोन आठवड्यांत सगळा त्रास एकवटून भोगावा लागू शकतो.

४. मग हिवाळा उबदार असला की हंगाम नेहमी लवकर सुरू होतो, हे तरी खरे आहे का?

बहुतेक वेळा खरे आहे, नेहमी नाही. झाडाची सुप्तावस्था दोन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यात झाडाला ठरावीक काळ थंडी मिळावी लागते. ती पुरी होईपर्यंत मध्येच उबदार दिवस आले तरी झाड हलत नाही. ही अट नसती तर डिसेंबरमधील चार उबदार दिवसांना फसून झाड फुलले असते आणि पुढच्या थंडीत त्याचे नुकसान झाले असते. दुसऱ्या टप्प्यात झाड आतून तयार असते, फक्त उबेची वाट पाहत असते.

पहिल्या टप्प्यासाठी उपयोगी पडणारी थंडी साधारणपणे ० ते ७ अंश सेल्सिअस या पट्ट्यातील मानली जाते, काही जातींच्या बाबतीत १० अंशांपर्यंतची. गोठणबिंदूच्या बरीच खाली गेलेली कडाक्याची थंडी या हिशेबात फारशी धरली जात नाही, ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटते. आता समजा, पूर्ण हिवाळाच असा उबदार गेला की ही गरज नीट भागलीच नाही. अशा वेळी झाडाला पुढे उमलण्यासाठी जास्त ऊब लागते आणि हंगाम लवकर येण्याऐवजी रेंगाळतो किंवा विस्कळीत होतो. हेझेल आणि अल्डर यांची थंडीची गरज तुलनेने लवकर भागते, म्हणून जानेवारीतील ऊब त्यांना सहज जागे करते.

५. हंगाम सुरू होण्याची तारीख आधी सांगता येते का?

काही दिवसांच्या फरकाने सांगता येते. त्यासाठी एका ठरावीक तारखेपासून रोजचे तापमान किमान पातळीच्या वर किती गेले याची बेरीज करत जातात. ती बेरीज त्या जातीच्या उंबरठ्याला पोहोचली की हंगाम जवळ आला असे समजतात. थंडीची गरज केव्हा भागली हे बाहेरून पाहून कळत नाही, त्यामुळे बेरीज कोणत्या तारखेपासून धरायची हाच या पद्धतीतील कच्चा दुवा आहे. दोन आठवड्यांपलीकडच्या अंदाजाकडे सावधपणे पाहावे, कारण त्यापुढे हवामानाचाच भरवसा नसतो.

६. पाऊस किंवा बर्फ पडल्यावर हवा स्वच्छ होते का?

बहुतांशी होते. बर्चचा परागकण २० ते २५ मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे हवेतील इतर सूक्ष्म कणांच्या मानाने बराच मोठा असतो आणि पावसाचे थेंब किंवा हिमकण खाली येताना अशा कणांना बरोबर घेऊन येतात. ओल्या हवेत परागकोश उकलत नाहीत, त्यामुळे नवा पुरवठाही थांबतो. जमिनीवर पडलेला पराग बर्फाखाली दबला की वाऱ्याने पुन्हा उडत नाही.

हा दिलासा मात्र उसना असतो. ओलाव्यामुळे अडून राहिलेला पराग झाडावरच असतो आणि पुढच्या कोरड्या, उबदार दुपारी तो एकदम सुटतो. म्हणून पावसाळी आठवड्यानंतरचा पहिला स्वच्छ दिवस हा सर्वांत सावध राहण्याचा दिवस समजावा.

दुसरा अपवाद असा की सायप्रस आणि जुनिपर यांच्या कुळातील परागकण पाण्याने फुगतात, त्यांचे बाह्य कवच तडकते आणि आतील द्रव्य बाहेर येते. अशा बारीक तुकड्यांतही ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने असतात आणि अखंड परागकण सहसा नाकात अडकत असले, तरी हे तुकडे श्वासनलिकांमध्ये खोलवर जाऊ शकतात. ‘वादळामुळे दमा’ या विषयावर विचारणारे अनेक जण २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये वादळानंतर असंख्य लोकांना अचानक दम्याचा त्रास झाला, त्या घटनेचा दाखला देतात. ती घटना गवताच्या परागाशी निगडित होती आणि तेथे तेव्हा हिवाळा नव्हता. कण फुटण्याची कल्पना मात्र तीच आहे.

७. थंड वाऱ्याची लाट आली की माझा त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. हा योगायोग आहे का?

योगायोग नसावा. परागकोश उकलतो तो सुकल्यामुळे, म्हणून तापमानाइतकेच हवेच्या कोरडेपणालाही महत्त्व असते. थंड हवेचा नवा लोट येतो तेव्हा त्याच्या पाठोपाठ बहुधा कोरडी हवा आणि जोराचा वारा असतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे प्रश्न २ मध्ये उल्लेखलेले टेक्सासमधील माउंटन सीडर. तेथे हिवाळी थंड लाटेनंतर कोरडा वारा सुटला की नर झाडांवरून पिवळसर धूर निघाल्यासारखा पराग उडतो. तेथील लोक या आजाराला ‘सीडर फीवर’ म्हणतात. नावात ज्वर असला तरी ही ॲलर्जी आहे. खरोखर ताप चढला असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

थंड हवेचा नाकावर होणारा थेट परिणाम वेगळा आहे. त्यासाठी प्रश्न ११ पाहावा.

८. दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर पडणे बरे?

हिवाळ्यात झाडे पराग सोडतात ते प्रामुख्याने दुपारच्या सुमारास, दव सुकल्यावर आणि तापमान चढल्यावर. त्यामुळे झाडांच्या जवळ राहणाऱ्यांसाठी पहाट आणि ओलसर सकाळ तुलनेने सुसह्य असते. झाडांपासून दूर, शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांचे गणित निराळे असते, कारण दुपारी सुटलेला पराग तेथे पोहोचायला वेळ लागतो आणि संध्याकाळी हवा शांत झाल्यावर तो खाली बसू लागतो.

हिवाळ्यातील निरभ्र, निर्वात रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा वेळी हवेचे थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि खालचा धूर व पराग तेथेच कोंडून राहतात. वाहनांच्या धुराने आधीच चुरचुरणारे नाक थोड्या परागानेही भडकते. ‘अमुक वेळ सर्वांसाठी सुरक्षित’ असे छापील वेळापत्रक म्हणूनच आम्ही देत नाही.

९. आमच्याकडे बर्चच्या फांद्या अजून बर्फाने झाकलेल्या आहेत, तरी मोजणीत बर्चचा पराग दिसतो. मोजणी चुकली आहे का?

चुकली असण्याची शक्यता कमी आहे. असा परागकण स्थिर हवेत सेकंदाला साधारण १ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. एक किलोमीटर उंचीवर पोहोचलेल्या कणाला जमिनीवर यायला या हिशेबाने २७ तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा त्याला सुमारे एक हजार किलोमीटर वाहून नेईल. फिनलंडमध्ये स्थानिक बर्च फुलण्याच्या आधीच दक्षिणेकडून व पूर्वेकडून आलेला पराग आढळतो, हे चांगले अभ्यासले गेले आहे. तेथील हवामान संस्थेचे ‘सिलाम’ हे प्रारूप अशा प्रवासाचा अंदाज बांधण्यासाठीही वापरले जाते. उंचावरच्या हवेत पराग असतो हे मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी एकोणिसाव्या शतकातच चिकट काचपट्ट्या बांधलेले पतंग उडवून दाखवले होते.

याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की आपल्या खिडकीबाहेरचे झाड हे विश्वसनीय पंचांग नव्हे.

१०. थंडीने मेलेल्या परागकणांचा त्रास होत नसावा, बरोबर?

बरोबर नाही. परागकण जिवंत असणे म्हणजे त्याची फलनाची क्षमता शाबूत असणे. ॲलर्जीला त्याच्या जिवंतपणाशी काही देणेघेणे नसते; ती होते ती त्यातील प्रथिनांमुळे, आणि बर्चच्या बाबतीत मुख्यतः ‘बेट व्ही १’ या प्रथिनामुळे. गोठल्याने ही प्रथिने नाहीशी होत नाहीत. प्रयोगशाळांत पराग टिकवण्यासाठी तो गोठवूनच ठेवतात, यावरून काय ते समजावे.

हंगाम सुरू झाल्यानंतर थंडी परतली तर काय होते, असाही प्रश्न याला जोडून येतो. लांबून उमलू लागलेली नतकणिशे मिटलेल्या नतकणिशांइतकी काटक नसतात. तीव्र थंडीत त्यांचे नुकसान होऊन त्या भागातील पराग खरोखरच घटू शकतो. हिवाळ्याच्या थंडीने परागाचे प्रमाण कमी होण्याची हीच काय ती खरी वाट आहे, आणि प्रश्न ३ च्या उत्तराला हा अपवाद जोडून वाचावा. थंडी सौम्य असेल तर मात्र उमलणे फक्त थांबते आणि ऊब परतताच पुढे चालू होते. हंगामाला एकाऐवजी दोन शिखरे येतात.

११. मला सर्दी झाली आहे की परागाचा त्रास आहे, हे कसे ओळखावे?

विषाणूंमुळे झालेली सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत उतरते आणि तिच्यासोबत घसादुखी, अंगदुखी किंवा ताप असू शकतो. परागाच्या त्रासात खाज हे मुख्य लक्षण असते: नाकाला, डोळ्यांना, टाळूला. शिंका एकामागून एक येतात, नाकातून पातळ पाणी वाहते आणि हा प्रकार कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत वाढून पावसात कमी होत आठवडेच्या आठवडे चालतो.

तिसरीही एक शक्यता आहे. थंड हवा आत घेताना तिला गरम आणि दमट करण्यासाठी नाक जादा पाणी सोडते. खाज नसते आणि उबदार खोलीत आल्यावर थोड्याच वेळात ते थांबते. याला ॲलर्जी म्हणता येत नाही. आणि बंद घरात त्रास वाढून बाहेर पडल्यावर कमी होत असेल, तर परागापेक्षा धुळीतील माइट्स, बुरशी किंवा पाळीव प्राणी यांच्यावर संशय घ्यावा. छातीत घरघर किंवा धाप असेल, तर घरच्या घरी निदान करत बसू नये; डॉक्टरांना दाखवावे. थंड हवा दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका स्वतःच आकुंचित करू शकते, हेही लक्षात असावे.

१२. मोजणीचा आकडा कमी असतो तेव्हा मला जास्त त्रास होतो. असे कसे?

मोजणी कशी होते ते आधी पाहू. अनेक देशांत आजही १९५२ मध्ये हर्स्ट यांनी मांडलेल्या यंत्राच्या धर्तीवरचे सापळे वापरतात. ते मिनिटाला १० लिटर हवा ओढून चिकट पट्टीवर कण जमवतात; नंतर माणूस सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजतो आणि एक घनमीटर हवेत किती कण होते ते सांगतो. सापळा बहुधा उंच छतावर असतो आणि आकडा मागच्या दिवसाचा किंवा त्याही आधीचा असतो. आपल्या नाकासमोर या क्षणी काय आहे, हे तो सांगत नाही.

याशिवाय हंगाम पुढे सरकतो तसे नाक अधिक हळवे होते. परागाशी वारंवार संपर्क आल्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी कमी कणांनी लक्षणे उमटतात. हेझेल, अल्डर आणि बर्च एकाच कुळातील असून त्यांची मुख्य प्रथिने परस्परांशी मिळतीजुळती आहेत. त्यामुळे जानेवारीतील हेझेलने तयारी करून ठेवलेले नाक एप्रिलमधील बर्चच्या पहिल्याच दिवशी कोलमडते. उबदार हिवाळ्यात पहिला संपर्क लवकर येतो आणि ही साखळी लांबते.

१३. जिथे कधीच बर्फ पडत नाही, अशा उष्ण प्रदेशांना यातले काय लागू होते?

तेथे थंडीच्या गरजेपेक्षा पानगळ आणि हवेचा कोरडेपणा अधिक महत्त्वाचा ठरतो. भारतातील वावळ हे याचे चांगले उदाहरण आहे. हे झाड हिवाळा संपतासंपता निष्पर्ण असताना फुलते, त्याचा पराग वाऱ्याने पसरतो आणि तो ॲलर्जी निर्माण करणारा म्हणून ओळखला जातो. पाऊस, वारा, दिवसाची वेळ आणि तापमानाची विपरीतता यांविषयी प्रश्न ६ ते ८ मध्ये जे सांगितले, ते येथेही बहुतांशी लागू पडते.

१४. औषध कधी सुरू करावे?

नाकात मारायच्या स्टिरॉइड फवाऱ्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून लक्षणांची वाट न पाहता हंगामाच्या एकदोन आठवडे आधी तो सुरू करण्याचा सल्ला डॉक्टर अनेकदा देतात. अडचण अशी की उबदार हिवाळ्यात ‘हंगामाच्या आधी’ म्हणजे केव्हा, हेच बदलते. गेल्या वर्षीची तारीख पाठ करून ठेवण्यापेक्षा जानेवारीपासून स्थानिक मोजणीकडे लक्ष ठेवावे. प्रतिकारक्षमतेला सवय लावणारी उपचारपद्धती, म्हणजे इम्युनोथेरपी, बहुधा हंगामाच्या काही महिने आधी सुरू करतात आणि ती साधारण तीन वर्षे चालते. त्वचेवरील चाचणी करायची असेल, तर अँटिहिस्टामिन गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे चाचणी करणाऱ्यांना विचारून घ्यावे; नाहीतर चाचणी खोटा दिलासा देते.

१५. हिवाळे उबदार होत चालले आहेत. मग परागही वाढतच जाणार का?

येथेही ‘कधी’ आणि ‘किती’ वेगळे ठेवावे लागतात. उत्तर अमेरिकेतील ६० मोजणी केंद्रांच्या १९९० ते २०१८ या काळातील नोंदींचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार परागाचा हंगाम सुमारे २० दिवस अलीकडे सरकला आणि हवेतील परागाचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले. संशोधकांच्या हिशेबाने हंगामाच्या बदलातील जवळजवळ निम्मा वाटा मानवनिर्मित हवामानबदलाचा होता, तर प्रमाणातील वाढीत तो ८ टक्क्यांच्या आसपास होता. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड, शहरांतील लागवडीची निवड आणि झाडांचे वय यांचाही परागाच्या प्रमाणाशी संबंध असतो.

१६. दारातले झाड तोडले तर सुटका होईल का?

प्रश्न ९ वाचल्यावर याचे निम्मे उत्तर मिळतेच. मात्र झाड अगदी खिडकीला लागून असेल, तर त्याच्यामुळे मिळणारी परागाची मात्रा दूरवरून येणाऱ्या परागापेक्षा खूप मोठी असू शकते, त्यामुळे हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. तोडण्याआधी ते झाड कोणते आणि कोणत्या लिंगाचे आहे हे पाहावे. माउंटन सीडरसारख्या जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडावर निळसर फळे धरतात आणि ते परागकण सोडतच नाही. हेझेल, अल्डर आणि बर्च यांच्या एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले येत असल्याने तेथे हा भेद उपयोगी पडत नाही.